शाळा व्यवस्थापन समिती : कोल्हापूरच्या पालकांच्या हाती नेमकं काय येतं?

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला तेव्हा महिन्याला एक रुपया दंड होता. आज त्याच पालकाच्या वारसदारांना कायद्याने शाळेच्या समितीत चारांतल्या तीन जागा दिल्या आहेत. मुलांच्या शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम २१ मधून शाळा व्यवस्थापन समिती आली. पालकाला एक पैसाही न मोजता मिळणारी ही सेवा आहे, म्हणून कोणत्याही सेवेचं करावं तसं तिचं परीक्षण करायला हवं. काय मिळतं, काय मिळत नाही, कुठे अडतं आणि अडलं तर काय करायचं?

आमचं मत आधीच सांगतो. पोषण आहार आणि मुलांचं वाचन या दोन बाबतींत समिती झटकन उपयोगी पडते. पैशाच्या बाबतीत ती पालकांच्या तयारीइतकीच चालते. शिक्षक मिळवून देण्यात ती कमजोर आहे, कारण तो अधिकार तिच्याकडे नाहीच.

कोल्हापूर महानगरपालिकेच्या शाळा आणि बारा तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा इथे समिती पूर्ण अधिकारानिशी असते. अनुदानित खासगी शाळेतही ती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथे तिचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे. हा फरक ठाऊक नसल्यामुळे अनुदानित शाळेतले पालक नको त्या गोष्टीवर भांडत बसतात आणि जे मागता येतं तेही राहून जातं.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे समितीत १२ ते १६ सदस्य असतात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव, ते या संख्येत मोजायचे नाहीत. ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचा लोकप्रतिनिधी, शिक्षकांतून एक आणि गावातला शिक्षणाची जाण असलेला एक माणूस. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडायचे. मुदत दोन वर्षं, सभा दरमहा.

निवड पालकसभेत होते आणि पहिली गडबड इथेच होते. आपल्या जिल्ह्यात दूध संस्था, सेवा सोसायटी, साखर कारखाना, ग्रामपंचायत अशा प्रत्येक निवडणुकीत गट असतात. अध्यक्षपदही त्याच हिशेबात मोजलं जातं. मग एका गटाचा अध्यक्ष झाला की दुसऱ्या गटाचे पालक सभेला फिरकत नाहीत. यावर एक उपाय चांगला चालतो : नावं गटवार सुचवू द्यायची नाहीत, इयत्तावार मागायची. पहिलीच्या पालकांनी पहिलीतून दोन, दुसरीच्या पालकांनी दुसरीतून दोन, अशी. त्या पंधरा-वीस घरांत एकमेकांची मुलं एकत्र खेळत असतात, तिथे गट पातळ होतो. दुसरी काळजी अध्यक्ष निवडताना घ्यायची. ज्याचं मूल शेवटच्या वर्गात आहे त्याला अध्यक्ष करू नये. मूल शाळेतून गेलं की पालक म्हणून असलेलं सदस्यत्वही जातं आणि वर्षाच्या आत परत निवड करावी लागते. दुसरी-तिसरीतल्या मुलाची आई किंवा वडील असले तर दोन वर्षं सलग मिळतात.

सभेची वेळ हा विषय लोक किरकोळ समजतात. आमच्या मते समिती जगते किंवा मरते ती वेळेवर. आठवड्याच्या दिवशी सकाळी अकराची सभा म्हणजे भांगलणीला गेलेल्या बाईची हजेरी बुडते, फौंड्रीतल्या माणसाचा खाडा होतो. रात्री आठला, डेअरीत दूध घालून झाल्यावर ठेवली तर पुरुष येतात, पण त्या वेळी बायका चुलीपाशी असतात, आणि समितीतल्या निम्म्या जागा त्यांच्याच आहेत. शिवाय कोल्हापूर किंवा गडहिंग्लजहून ये-जा करणाऱ्या शिक्षकांची शेवटची एसटी तोवर गेलेली असते. सगळ्यांना त्यातल्या त्यात जमतं ते शनिवारी. सकाळची शाळा सुटली की साडेअकराला सुरू करून सव्वाबाराला संपवायची. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाळीने काम करणारे पालक जास्त असतील तर कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा. नोटीस मुलांच्या वहीतून पाठवावी आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी डेअरीच्या फळ्यावरही लिहावी. डेअरीचा फळा गावातलं प्रत्येक घर वाचतं.

इतिवृत्ताच्या वहीवर घरोघरी फिरून सह्या गोळा करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे. ती पालकांनीच थांबवायची. न झालेल्या सभेवर सही केली, की त्या सभेत ‘मंजूर’ झालेल्या खर्चालाही तुमची संमती धरली जाते. सही करण्याआधी ठराव वाचावा, आणि ठरावाखाली रिकाम्या ओळी राहिल्या असतील तर त्यांवर तिरकी रेघ ओढायला सांगावी.

आता पैसा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं, ते पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. पट ८५ असेल तर २५,००० येतात आणि त्यातले २,५०० फिनेल, झाडू, साबण, मुतारीचे नळ यांवर. आकडा छोटा आहे, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षाही तेवढीच ठेवावी. वीजबिल, खडू-फळा, किरकोळ दुरुस्ती, प्रयोगाचं साहित्य एवढ्यात तो संपतो, वर्गखोली त्यातून होत नाही. समितीने एप्रिल-मेमध्येच गरजांचा क्रम लावून ठेवायचा : पहिली गळकी कौलं, दुसरं मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, तिसरा पंखा. यादी आधी तयार नसेल आणि निधी आर्थिक वर्षाच्या अखेरीला हातात आला, तर मार्च संपायच्या आत जे दुकानात मिळेल ते घेतलं जातं. दोन वर्षांनी तेच साहित्य कपाटात तसंच सापडतं.

समितीच्या कामातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा भाग म्हणजे शाळा विकास आराखडा. कलम २२ प्रमाणे तो समितीने करायचा, तीन वर्षांचा, त्याचे तीन वार्षिक भाग पाडून. आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर अखेरपर्यंत तो हवा. त्यात इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे जादा शिक्षक, खोल्या-पाणी-स्वच्छतागृह आणि वर्षवार खर्च मांडायचा. बहुतेक आराखडे फसतात ते ‘भौतिक सुविधा वाढवणे’ अशा वाक्यांमुळे. अशा वाक्याला कोणी पैसे देत नाही. ‘उत्तरेकडची भिंत, ४० फूट, पायथ्याला ओल, दोन वर्गांचा वापर बंद’ असं लिहून सोबत फोटो जोडला, तर ग्रामपंचायतीला तो विषय टाळता येत नाही. पटाचा अंदाज अंगणवाडीच्या नोंदीवरून काढावा. पुढच्या जूनला पहिलीत कोण येणार हे अंगणवाडीताईंना नावानिशी ठाऊक असतं. आराखडा तयार झाला की २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यायचा. शहरात ग्रामसभा नाही, तेव्हा महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीच्या कार्यालयात प्रत देऊन पोच घ्यायची. पोच नसेल तर त्या आराखड्याची पुढे कुठेही नोंद सापडत नाही.

शिक्षकांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. नेमणूक समिती करू शकत नाही. पट मात्र बिनचूक ठेवायला ती मदत करू शकते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. आधारमध्ये नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये दुसरं असेल, तर मूल रोज वर्गात बसत असूनही मोजणीतून गळू शकतं. ६१ व्या मुलावर तिसरा शिक्षक अवलंबून असताना एका काना-मात्रेची चूक किती महाग पडते, याचा विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये दोन पालक सदस्यांनी यादी घेऊन घरोघरी आधार पडताळलं, तर हे काम आठवड्यात उरकतं.

पोषण आहार ही समितीच्या कामाची सगळ्यात सोपी सुरुवात. ठरलेलं प्रमाण असं : पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. पाचवीपर्यंतची ६० मुलं हजर असतील तर त्या दिवशी ६ किलो तांदूळ, सव्वा किलोच्या आत-बाहेर डाळ, ३ किलो भाजी आणि ३०० ग्रॅम तेल पडायला हवं. पालकाने स्वयंपाकघरात वजनकाट्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी पुरे, भांडण करावं लागत नाही. गडबड बहुधा भाजीत होते. तांदूळ पोत्याने येतो, भाजी रोज आणावी लागते आणि तिचा दर वर-खाली होतो. म्हणून पाहणीला जायचं ते मेथी-कोथिंबीर महागलेल्या दिवशी. मुलांना वाढण्याआधी जेवण चाखायचं असतं आणि त्याची नोंद वहीत करायची असते. पालकांची पाळी लावून वार वाटून घ्यावेत. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, हे दाराशी कागदावर. वाढदिवस, बारसं, वर्षश्राद्ध अशा निमित्ताने तिथी भोजन द्यायला लोक आनंदाने पुढे येतात. त्यांना गोड पदार्थाऐवजी उसळ, केळी, उकडलेली अंडी किंवा शेंगदाण्याची चिक्की सुचवावी, आणि घरून शिजवून आणण्यापेक्षा जिन्नस देऊन शाळेतच शिजवू द्यावं.

शिकण्याकडे वळलं की माता गट आला. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेत मेळावा भरतो, तिथे सात टेबलं मांडलेली असतात : नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, भाषा, गणनपूर्व तयारी, सामाजिक-भावनिक विकास आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मुलाच्या हातात विकासपत्र दिलं जातं. मग सुट्टीत शेजारपाजारच्या चार-सहा आया मिळून आठवड्याला एक कृती घरी करून घेतात आणि जूनमध्ये दुसरा मेळावा होतो. या सगळ्यात आम्हाला हा भाग सर्वांत आवडतो, कारण आईला सहीपुरतं न बोलावता एक नेमकं काम दिलं जातं. मसूर, हरभरा, मटकी एका ताटात मिसळून निवडायला लावणं, भाकऱ्या मोजणं, पायऱ्या एका पायावर चढणं, यांना ना पैसा लागतो ना आईला लिहिता-वाचता यावं लागतं. अडतं ते मोबाइलवर. कृतीचे व्हिडिओ ज्या फोनवर येतात तो फोन बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. म्हणून कृती कागदावर लिहून द्यावी, आणि माता गटाची बैठक वेगळी न लावता बचत गटाच्या ठरलेल्या तारखेला जोडावी. बचत गटाला बाई चुकत नाही.

मोठ्या मुलांसाठी घरी एक मिनिटाची चाचणी करून पाहता येते. लहान वर्गांतल्या वाचन आणि गणितासाठीच्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या अभियानाच्या उद्दिष्टाप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचायला हवा. संख्याज्ञान पहिलीला ९९ पर्यंत, दुसरीला ९९९, तिसरीला ९,९९९ पर्यंत. पाठ्यपुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ झालेला असतो. वर्तमानपत्रातली साधी बातमी द्या, मोबाइलवर मिनिट लावा, अडखळलेले शब्द सोडून बाकीचे मोजा, आणि शेवटी ‘काय झालं यात?’ एवढंच विचारा. पंचवीस-तीस शब्दांवरच अडलं तर शिक्षकांना भेटा. भेटताना तक्रार नको, मोजलेला आकडा आणि अडलेल्या शब्दांची चिठ्ठी घेऊन जा. जोडाक्षरं अडतात की मात्रा, हे त्या चिठ्ठीवरून शिक्षकाला लगेच कळतं.

लोकवर्गणीबाबत कोल्हापूरकरांचा हात सैल आहे. पण वस्तू देण्याची घाई नडते. स्मार्ट टीव्ही देताना वर्गात अर्थिंग आहे का आणि वीजबिल कोण भरतं, हे आधी विचारा. पाणी शुद्धीकरण यंत्र देताना फिल्टर आणि मेम्ब्रेन बदलण्याचा पुढच्या तीन वर्षांचा खर्चही सोबत द्या, नाहीतर वर्षभरात यंत्र बंद आणि मुलं परत नळावर. रोख देऊ नका, दिलीच तर शाळेची पावती घ्या आणि वस्तू साठा नोंदवहीत चढली का ते बघा. पैसा नसलेल्या पालकाकडे द्यायला याहून मोलाचं काही असतं. बापट कॅम्पमधला कुंभार, हुपरीचा चांदी कारागीर, चप्पल शिवणारा, वस्ताद, गुऱ्हाळावरचा गुळव्या यांना शनिवारी वीस मिनिटं बोलवा. एक हत्यार, कामातले तीन शब्द आणि मुलांनी हाताने करायची एक गोष्ट, एवढंच सांगून ठेवा. लांबलचक भाषणाची भीती वाटून माणसं नको म्हणतात, कामाबद्दल विचारलं की येतात. गुळव्या आला तर गुळाच्या ३० किलोच्या रव्याचे, म्हणजे ढेपेचे, एक-एक किलोचे किती, पाच-पाच किलोचे किती, ही भागाकाराची गणितं पोरं फळ्याशिवाय सोडवतात.

शहरातल्या पेठांत याच धर्तीवर तालीम मंडळांना धरायला हवं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथल्या तालमींकडे जागा असते, तरुण पोरं असतात आणि शेजारचा शब्द मानला जातो. संध्याकाळी सात ते नऊ तालमीच्या खोलीत अभ्यासिका लावली, एक बल्ब आणि दोन सतरंज्या एवढाच खर्च, तर दहा बाय दहाच्या घरातल्या मुलांना बसायला जागा होते. गणेशोत्सवाच्या दिवसांत ही जागा मिळत नाही, तेव्हा त्या पंधरवड्याची सोय शाळेच्याच वर्गात आधी ठरवून घ्यावी.

खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नाही. तिथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ येतो. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तो व्हावा लागतो, आणि संघाच्या कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडायचे असतात. ‘आम्ही नावं निवडली’ असं शाळा म्हणाली तर सोडत कधी झाली ते विचारा. शुल्काचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. शुल्कापुरतं हे साधन धारदार आहे, शिकवण्याबद्दल त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या येतात. फडाशेजारच्या कोप्यांत सहा ते चौदा वयाची मुलं असतात, धाकट्याला सांभाळत किंवा वाढं (उसाचे शेंडे) गोळा करत. समितीच्या दोन सदस्यांनी टोळी उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात मुकादमाला भेटावं. गावाकडून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला मूळ शाळेने दिलेलं नोंदपत्र) आणलं आहे का पाहावं, नसेल तरी दाखल्यासाठी अडू नये. कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश लगेच द्यायचा असतो. धाकटं भावंड अंगणवाडीत बसलं तरच मोठी बहीण शाळेत टिकते, म्हणून दोघांची नोंद एकाच दिवशी करावी. टोळी परत निघताना कार्डावर हजेरी आणि इयत्ता लिहून द्यावी.

पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या शाळांसाठी आणखी एक काम. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत गावं पाण्यात गेली. अशा वेळी उंचावरच्या शाळा निवाऱ्याच्या होतात आणि सखलातल्या बुडतात. जूनच्या पहिल्या सभेत तीन नावं इतिवृत्तात लिहून ठेवावीत : शाळेची दुसरी किल्ली कुणाकडे, जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची कायमची नोंदवही) आणि दाखल्यांच्या वह्या प्लास्टिकच्या पिंपात घालून कुणाच्या माडीवर जाणार, तांदळाची पोती कुणाच्या ट्रॅक्टरने हलणार. तिन्ही माणसं शाळेच्या आसपास राहणारी असावीत आणि त्यातला एक तरी सदस्य वस्तीत उंच बाजूला राहणारा. पाणी पात्राबाहेर पडल्यावर पलीकडच्या वाडीतून येता येत नाही.